गॅस संपत नाहीं, गळतो

वैशाखांत विश्रामबागेचा पारा चाळिशीला टेकूं लागला, कीं सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकूं येतें: "एसी थंड करीत नाहीं; गॅस संपला असेल." वाळ्याचे पडदे भिजवून दुपार काढणारी वडील मंडळी अजून आपल्यांत आहेत, परंतु आजोबांच्या खोलीस किंवा अभ्यासास बसलेल्या मुलांच्या खोलीस वातानुकूलन यंत्र लावणें ही आतां केवळ चैन राहिलेली नाहीं. मग कारागिरास बोलावणें जातें. तो नळी जोडतो, गॅस भरतो, पैसे घेतो, आणि पुढील वर्षीं तोच प्रवेश पुनः रंगतो.

आमची तक्रार आहे ती वरील वाक्यांतील 'संपला' या शब्दाविषयीं. या घोटाळ्याचें मूळ आमच्या मतें स्वयंपाकघरांत आहे. तेथील सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून तो संपतो आणि दुसरा आणावा लागतो. एसींतील गॅस हा त्याचा केवळ नांवबंधु होय. यंत्र चालल्यानें तो खर्च होत नाहीं. तांब्याच्या बंद नळ्यांतून सारखा फिरत असतो. घरांतील पेटींत द्रवाचा वायु होतांना तो खोलींतील उष्णता उचलतो. बाहेरील पेटींत कॉम्प्रेसरनें दाबला गेल्यावर ती उष्णता बाहेर टाकून पुनः द्रव होतो. एकदां योग्य वजनानें भरलेला गॅस यंत्राच्या अखेरपर्यंत पुरावा, अशीच ही रचना आहे. तो कमी झाला याचा अर्थ कोठें तरी वाट फुटली आहे. रोग्याचें रक्त वाहत असतां जखम न बांधतां नुसतें रक्त चढवीत राहणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणूं? आमच्या पाहण्यांतील एका घरीं सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला. चौथ्या वर्षीं दुसऱ्या कारागिरानें एका सांध्यास साबणाचें पाणी लावलें, तों तेथें बुडबुडे उठले. नट नीट आवळलेला नव्हता, इतकेंच! घरांतला पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

परंतु थंडावा कमी झाला कीं प्रत्येक वेळीं गॅसवरच संशय घेऊं नये. रस्त्याची धूळ आमच्याकडे थोडी नाहीं. फिल्टर तुंबला, बाहेरील पेटीची जाळी धुळीनें भरली, कपॅसिटर बिघडला किंवा विजेचा दाब उतरला, तरी लक्षण तेंच दिसतें. म्हणून प्रथम फिल्टर धुऊन, वाळवून बसवावा. मग तपमान लावावें सर्वांत खालीं, आणि वीस मिनिटांनीं घरांतल्या साध्या थर्मामीटरनें यंत्रांत शिरणारी व यंत्रांतून निघणारी हवा मोजावी. दोहोंत साधारणतः 8 ते 12 अंश सेल्सियसचें अंतर पडतें. पावसाळी दमट हवेंत तें कांहींसें कमी असतें. कोरड्या उन्हाळ्यांत, फिल्टर स्वच्छ असूनही, तें 5-6 अंशांवर आलें तर संशयास जागा आहे.

बर्फ हें दुसरें लक्षण. पण तो कोठें धरतो हें पाहणें महत्त्वाचें. फिल्टर तुंबल्यास वारा मंद होतो आणि कॉइलभर बर्फ पसरतो. गॅस कमी असेल तर प्रारंभीं वारा चांगला असतो; बर्फ मात्र द्रव आंत येतो त्या तोंडाशींच सांचतो, आणि बाकीचा भाग कोमट राहतो. बाहेरील पेटीपाशीं जाऊन पाहिलें तर बारीक नळीच्या सांध्यावर पांढरा थर आढळतो, आणि एरवीं गार व दंवानें ओली असणारी जाड नळी कोरडी पडलेली असते. सांध्यापाशीं तेलकट डाग दिसला, तर गळतीचा ठाव बहुधा तोच. कारण कॉम्प्रेसरचें तेल गॅसबरोबरच फिरत असतें.

अशा वेळीं यंत्र तसेंच रेटूं नये. परत येणारा थंड गॅस कॉम्प्रेसरच्या मोटारीस गार ठेवतो. तो अपुरा पडला कीं मोटार तापते, यंत्र बंद होण्याचें नांव घेत नाहीं, आणि शेकड्यांची दुरुस्ती हजारोंवर जाते. थंडावा बंद करून नुसता पंखा चालूं द्यावा. बर्फ आपोआप वितळेल. सुरीनें खरवडण्याचा मोह घरांतल्या कर्त्या पुरुषांसही होतो. त्यानें कॉइलला नवें भोंक मात्र पडतें.

कारागीर आला कीं त्यास "किती गॅस लागेल?" असें विचारण्याऐवजीं "गळती कोठें आहे?" असें विचारावें. बारीक गळतीसाठीं नळ्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो कीं नाहीं तें पाहतात. तेथें ऑक्सिजन कदापि वापरूं देऊं नये. आंतल्या तेलाशीं मिळून त्याचा स्फोट होतो. गळती बंद झाल्यावर पंपानें हवा व ओल ओढून घ्यावी, आणि मग नामपट्टीवर लिहिलेल्या जातीचा गॅस तेवढ्याच वजनाचा, कांट्यावर तोलून, भरावा. इन्व्हर्टर यंत्रांत कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो, म्हणून नुसत्या दाबाच्या घड्याळावर विसंबून भरलेला गॅस कमी-अधिक होतो. आणि अधिक गॅसही यंत्रास अपायकारकच.

गॅसची जात पाहण्यास आणखी एक कारण आहे. हल्लींच्या पुष्कळ यंत्रांतील आर-32 हा मंदपणें कां होईना, पेट घेऊं शकतो. आर-290 म्हणजे तर प्रोपेन, जवळजवळ स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. दोन्ही हवेहून जड, म्हणून जमिनीलगत सांचतात. दुरुस्ती चालू असतां खिडक्या उघड्या ठेवाव्या. देवघरांतील समई, उदबत्ती, शेगडी कांहींही जवळ पेटतें नसावें, आणि मुलांना दुसऱ्या खोलींत बसवावें.

गळलेला गॅस जातो कोठें? अर्थात् आकाशांत. जुन्या यंत्रांतील आर-22 ओझोनच्या थरास बाधतो. 1987 च्या मॉन्ट्रियल करारान्वयें तो हळूहळू मोडींत निघत आहे. आर-32 ओझोनास बाधत नाहीं, पण शंभर वर्षांच्या हिशेबानें पृथ्वी तापविण्यांत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें 675 पट आहे. म्हणजे 700 ग्रॅम गळला, तर सुमारें 470 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखेंच झालें. आणि दर उन्हाळ्यास भरून घेणाऱ्या घरीं हें वर्षानुवर्षें चालतें.

बिलावर 'गॅस भरला' एवढेंच लिहूं देऊं नये. गॅसची जात, वजन, आणि गळती कोणत्या सांध्यास होती, हीं तिन्ही त्यावर लिहून घ्यावीं, व तें बिल हमीपत्राबरोबर ठेवावें. पुढील वर्षीं पुनः थंडावा उतरला, तर येणाऱ्या कारागिराच्या हातीं प्रथम तोच कागद द्यावा.