आधी यादी, मग गाडी



मे महिना सरत आला, निकाल लागले, की आपल्याकडे बिऱ्हाडं हलायला लागतात. कुणाच्या पोरांची शाळा तालुक्याला असते, कुणाच्या घरधन्याची बदली होते, कुणाच्या घरात वाटण्या होऊन वेगळी चूल मांडायची असते. म्हणून आज सामान हलवण्याविषयी बोलू. गाडी कोणती घ्यायची आणि सामान बांधायचं कसं, एवढाच विषय. पण यात चुकलं, की पैसा जातो, वस्तू मोडतात आणि कधी कधी जिवावर बेततं.

आमचंच सांगते. चार वर्षांपूर्वी आम्ही मुलांच्या शाळेसाठी गाव सोडलं. गाडी आमच्या ह्यांनी ठरवली, स्टँडवर चहा पिता पिता. मी घरात भांडी बांधत होते. त्यांनी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सकाळी दारात छोटा हत्ती उभा! कपाट चढलं, धान्याची पोती चढली आणि पलंगाला जागाच उरली नाही. दुसऱ्या खेपेचं भाडं वेगळं. मग काय, पलंग ठेवला गाद्यांवर आडवा आणि त्यावर बसल्या सासूबाई, नातवाला मांडीवर घेऊन. वेशीबाहेर विजेची तार खाली लोंबत होती. सासूबाईंनी वेळेवर मान खाली घातली म्हणून वाचल्या. आजही ती जागा आली की माझा हात छातीवर जातो.

चूक गाडीवाल्याची नव्हती. त्याला सांगितलं होतं, "घरसामान आहे थोडं." थोडं म्हणजे किती? ते फक्त मला ठाऊक होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं, आधी यादी करा, मग गाडी ठरवा. आणि यादी करायची घरातल्या बाईनं. माळ्यावर काय आहे, कोठीत किती दाणे आहेत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

शाळेची जुनी वही घ्या. एका बाजूला मोठ्या वस्तू लिहा आणि टेपने, नाहीतर हाताने मोजून लांबी-रुंदी लिहा. दुसऱ्या बाजूला जड वस्तू लिहा आणि अंदाजाने वजन लिहा. दोन्ही का? कारण गाडी जागेनं भरते, तशी वजनानंही भरते. गाद्या-उशांनी गाडी शिगोशीग दिसते, पण वजन काहीच नसतं. धान्याची पोती हौद्याच्या तळाशी बसतात, गाडी रिकामी दिसते, पण टायर दबलेले असतात.

एक साधं घर धरू. धान्याची पन्नास किलोची सहा पोती, म्हणजे ३०० किलो. लोखंडी कपाट रिकामं ८० च्या आसपास. फ्रिज ४०. भरलेला सिलिंडर ३०. त्यात गॅस १४.२ किलो आणि बाकी टाकीचं वजन. पलंग ६०. भांड्यांची बोचकी १००. जातं, पाटा-वरवंटा ५०. अंथरूण-पांघरूण ६०. बेरीज झाली ७२० किलो.

आता गाड्या बघू. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, ही गाडी २००५ साली आली आणि गावोगाव पोचली. तिचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. माल ओढते साडेसातशे किलोच्या आसपास. म्हणजे आपलं घर वजनात जेमतेम बसलं. पण साडेसहा फुटी कपाट आडवं टाकलं, तर तीन फूट रुंदी त्यानंच खाल्ली. उरलेल्या पावणेदोन फुटांत पलंग, फ्रिज आणि पोती कशी बसणार? आमचं हेच झालं होतं. एका खोलीचं बिऱ्हाड, विद्यार्थ्याचं सामान, यांना छोटा हत्ती बरा. धान्य, कपाट, पलंग असलेल्या घराला पिकअप घ्यावी. तिचा हौदा आठ ते दहा फुटांचा, आणि मॉडेलप्रमाणे सव्वा ते पावणेदोन टन माल नेते. दोन कपाटं, सोफा, दुचाकी, वर्षाचं धान्य असं सगळं असेल तर ४०७ टेम्पो बघा. पण मोठी गाडी ठरवण्याआधी दोन्हीकडचा रस्ता बघा. बोळात टेम्पो वळला नाही, तर सामान डोक्यावरून वाहायला लागतं आणि हमाली वाढते.

लहान गाडीच्या दोन खेपा की मोठ्या गाडीची एक, याचा हिशेब अंतरावर असतो. त्याच गावात घर बदलायचं असेल तर दोन खेपा परवडतात. पन्नास-साठ किलोमीटर जायचं असेल तर एकच खेप बरी. बाजारात भाजी उतरवून रिकामी परतणारी गाडी मिळाली तर भाडं कमी पडतं. मात्र गाडीत त्याआधी काय होतं ते विचारा. खत, औषधं, सिमेंट वाहिलेल्या गाडीत आपलं खायचं धान्य ठेवायचं आहे. हौदा धुऊन, वाळवून मगच आणायला सांगा.

भाडं ठरवताना पाच गोष्टी बोला. भाडं एका बाजूचं की येण्या-जाण्याचं? डिझेल आणि टोल त्यातच का? चढ-उतार कोण करणार, हमाली वेगळी का? उशीर झाला तर थांबण्याचे पैसे किती? ताडपत्री आणि दोर त्याचे की आपले? ठरलेलं सगळं त्याला मोबाईलवर लिहून पाठवा. तोंडी बोललेलं दारात गाडी आल्यावर बदलतं, लिहिलेलं बदलत नाही. इसार थोडा द्या, बाकी सामान उतरल्यावर.

गाडीची पाटीही बघा. भाड्यानं माल नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. विजेवरच्या गाडीला हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. ती भाड्यानं घेतली आणि काही झालं, तर विम्याचा घोळ होतो. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की विमा आणि फिटनेस चालू आहे का ते दिसतं. घरातल्या पोरांना सांगा, दोन मिनिटांत बघून देतील. आणि हे ध्यानात ठेवा, गाडीचा विमा म्हणजे आपल्या सामानाचा विमा नव्हे. फ्रिज फुटला तर तो आपलाच फुटला. म्हणून बांधाबांध नीट हवी.

बांधाबांध आठ दिवस आधी सुरू करा, आणि ती टाकण्यापासून सुरू करा. फुटक्या बादल्या, बंद पडलेला पंखा, गळकी कळशी भंगारात द्या. त्यांचंही भाडं पडतं. धान्याला ऊन दाखवून, निवडून, पोती शिवून ठेवा. पत्र्याची कोठी भरलेली कधीच नेऊ नका, चढवताना पत्रा दबतो आणि दाणे रस्त्यावर सांडतात. कोठी रिकामी करा आणि तिच्यात उशा, चादरी भरा, म्हणजे जागा वाया जात नाही.

बांधायला विकतचं काही लागत नाही. आपली जुनी लुगडी आणि गोधड्या कशासाठी आहेत? काचेच्या बरण्या लुगड्यात गुंडाळून पातेल्यात, पातेलं पिंपात. आरसा आडवा ठेवू नका, गाद्यांच्या मध्ये उभा ठेवा. टीव्हीही तसाच. कपाट रिकामं करून कुलूप लावा आणि दाराभोवती दोर बांधा. फ्रिज आदल्या रात्री बंद करून पुसून घ्या आणि उभाच न्या. नव्या घरी तीन-चार तास तसाच ठेवा, मग चालू करा. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी झाली तर ॲसिड सांडतं, तीही उभीच. लोणच्याच्या बरणीला प्लॅस्टिक आणि वर फडकं बांधा आणि ती स्वतःपाशी ठेवा.

गॅसचं आधी एजन्सीत विचारा. लांबच्या गावी जाणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून बदलीचा कागद घ्यावा लागतो. जवळच नेणार असाल तर रेग्युलेटर काढा, टोपण बसवा आणि सिलिंडर उभा बांधा.

प्रत्येक बोचक्याला खडूनं किंवा मार्करनं नंबर टाका आणि वहीत त्या नंबरापुढे आत काय आहे ते लिहा. लिहिता-वाचता येत नसेल, तर चिंध्या बांधा. लाल चिंधी स्वयंपाकाची, हिरवी कपड्यांची, पांढरी पोरांच्या पुस्तकांची. उतरवणाऱ्याला सांगायचं, लाल सगळं आत, हिरवं बाहेरच्या खोलीत. उतरवताना मोजा. चढवलेली बोचकी अठ्ठावीस, तर उतरलेलीही अठ्ठावीसच हवीत.

गाडी भरताना जड खाली आणि केबिनच्या बाजूला. पोती तळाला सारखी पसरा, सगळी एका अंगाला टाकली तर गाडी वळणावर कलते. कपाट केबिनला टेकवून, दारं केबिनकडे करून उभं बांधा. हलकं आणि मऊ वर आणि मधल्या फटींत. जे आधी लागणार, ते शेवटी चढवा, म्हणजे आधी उतरेल. वरून ताडपत्री, कडा खाली दुमडून. सामान फाळक्याच्या वर फार उंच रचू नका. तारा आणि झाडाच्या फांद्या आपली वाट बघत असतात.

दोन पिशव्या मात्र गाडीत टाकायच्या नाहीत. पहिली कागदांची. आधार, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, सातबारा, शाळा सोडल्याचे दाखले, बाळाचं लसीकरणाचं कार्ड आणि दागिने. ही आपल्या खांद्याला. गटाची वही किंवा पैसे तुमच्याकडे असतील, तर निघण्याआधी बैठकीत हिशेब करून, सह्या घेऊन सोपवा. दुसरी पिशवी पहिल्या रात्रीची. औषधं, बॅटरी, काडेपेटी, चहा-साखर, एक पातेलं, केरसुणी, बल्ब, प्यायचं पाणी आणि भाकरी-ठेचा. नव्या घरात अंधारात बोचकी सोडत बसावं लागत नाही.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात आधी सांगायचं होतं. सामानावर माणूस बसवायचा नाही. म्हातारं नाही, पोर नाही, "सामान धरायला" म्हणून तरणा गडीही नाही. मालगाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. केबिनमध्ये कागदावर जेवढ्या सीटा, तेवढीच माणसं. बाकीचे एसटीनं जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट आहे. सासूबाईंचं त्या दिवशीचं तिकीट आम्ही वाचवलं होतं मैत्रिणींनो, आणि ते वाचवताना काय गेलं असतं, ते आठवलं की झोप उडते.

तुमच्या गटात कुणी यंदा घर हलवणार असेल, तर पुढच्या बैठकीत चौघी मिळून तिची यादी करा. एकीला आठवत नाही ते दुसरीला आठवतं. आणि ती वही हातात घेऊनच तिला गाडी ठरवायला पाठवा, घरधन्याबरोबर.

नव्या घरात सुखानं नांदा. येते मी. नमस्कार.