नव्याण्णव टक्के मारल्या, चाळीस उरल्या

कुत्र्याच्या कानामागे आठवडाभर रक्त पिऊन सेंटिमीटरभर फुगलेली गोचिडीची मादी एके दिवशी आपणहून गळून पडते. आता तिला रक्त नको असतं. भिंतीची भेग, दाराची चौकट किंवा कुत्र्याच्या गादीची शिवण गाठून ती अंडी घालायला लागते आणि घालतच राहते. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड आयुष्यात एकदाच अंडी घालते. पण ती थोडीथोडकी नव्हेत, ४,००० पर्यंत. त्यानंतर ती मरते.

आता जरा हिशेब मांडू. या ४,००० पैकी ९९ टक्के मेल्या असं धरा. काही मुंग्यांनी नेल्या, काही झाडूबरोबर गेल्या, काही उन्हात वाळल्या, उरल्यासुरल्या फवाऱ्याने मेल्या. तरी ४० राहिल्या. त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या तर २०, आणि त्या प्रत्येकीची ४,००० प्रमाणे पुढची अंडी ८०,०००. गोचिडींची संख्या वाढू न देता नुसती जिथल्या तिथे ठेवायची म्हटली, तरी ४,००० पैकी ३,९९८ मराव्या लागतात. म्हणजे ९९.९५ टक्के. निसर्ग एरवी एवढ्या मारतोच, म्हणून जग गोचिडींनी भरलेलं नाही. पण सिमेंटच्या घरात ना पाऊस, ना पक्षी, ना कडक ऊन. तिथे मरण्याचं प्रमाण जरा घसरलं की पुढच्या पिढीचा आकडा हाताबाहेर जातो.

कुत्र्या-मांजरांच्या परजीवींशी आपली लढाई इथेच चुकते. आपण मोजतो अंगावरच्या, आणि त्यांचा कारभार चाललेला असतो भलतीकडेच.

गोचीड अंगावर असते तरी किती काळ? अळी, पिल्लू आणि प्रौढ अशा तीन अवस्थांत ती तीनदा कुत्र्यावर चढते, प्रत्येक वेळी काही दिवस रक्त पिते आणि उतरते. बाकीचा सगळा काळ ती भिंतीत दबा धरून असते, उपाशीपोटी कित्येक महिने काढू शकते. सहा पायांची अळी तर मिलिमीटरहूनही लहान. बोटांच्या बेचक्यात ती बसली तर चष्मा लावूनही दिसायची नाही. ‘आम्ही रोज संध्याकाळी गोचिडी वेचतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांच्या कुत्र्यालाही टिक फीवर होतो, तो यामुळेच. एर्लिकियाचे जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतच रक्तात उतरू शकतात. निरोगी कुत्र्याच्या रक्तात दर मायक्रोलिटरला २ ते ५ लाख प्लेटलेट्स असतात. या आजारात त्या ५०,००० च्याही खाली जाऊ शकतात आणि मग नाकातून रक्त येण्यापर्यंत मजल जाते. उपचारात डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. चार हजारांतली एक गोचीड चुकली, त्याची ही किंमत.

पिसवांचा मामला आणखी निराळा. पिसूच्या उडीचं कौतुक शाळेपासून ऐकलेलं असतं, पण खरी कमाल तिच्या अंड्यांत आहे. मांजरपिसू म्हणून ओळखली जाणारी जात कुत्र्यांवरही सर्वांत जास्त आढळते. तिची मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी चिकट नसतात. मांजर सोफ्यावर झोपलं की सोफ्यात, कुत्रा जिन्यात बसला की जिन्यात ती गळत जातात. त्यामुळे घरातल्या पिसवांची जनगणना केली तर साधारण असं चित्र दिसतं: ५० टक्के अंडी, ३५ टक्के अळ्या, १० टक्के कोश आणि फक्त ५ टक्के प्रौढ पिसवा. आपल्याला दिसतात त्या या ५ टक्क्यांतल्या. दहा पिसवा दिसल्या तर दोनशेंचा संसार घरात थाटलेला आहे असं समजायचं.

खात्री करायची तर बारीक दातांची फणी घ्या. शेपटीच्या मुळाशी, पाठीवरून उलट्या दिशेने फिरवा. दातांत काळी बारीक कणी येईल. ती मातीच वाटते. ओल्या पांढऱ्या कागदी रुमालावर ती टाका आणि मिनिटभर थांबा. माती असेल तर काळीच राहील. कणीभोवती लालसर तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या मांजराचंच पचलेलं रक्त. अळ्या यावरच वाढतात. आई वर बसून रक्त पिते आणि खाली गालिच्यात पोरांचा डबा पोचता होतो.

एक मादी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५ पट रक्त पिते. ऐकायला प्रचंड, मोजायला गेलं तर १३-१४ मायक्रोलिटर. पण ७२-७४ माद्या जमल्या की दिवसाला एक मिलिलिटर झालं. अर्ध्या किलोच्या मांजराच्या पिल्लात रक्त असतं जेमतेम ३० मिलिलिटर. त्याच्यावर सव्वादोनशे माद्या पोसल्या तर ते रोज दहावा हिस्सा रक्त गमावतं. हिरड्या पांढऱ्या पडून पिल्लू निपचित होतं, ते या हिशेबाने.

त्यातही कोशाची अवस्था सर्वांत चिवट. अळी स्वतःभोवती चिकट रेशीम विणते, त्यावर धूळ बसते आणि कीटकनाशक आत पोचत नाही. कोशात तयार झालेली पिसू पाच-पाच महिने वाट बघू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यातलं काही जाणवलं की ती क्षणात बाहेर. मे महिन्यात गावाला जाऊन आलेलं कुटुंब कुलूप उघडून आत शिरतं आणि घरात प्राणी नसतानाही घोट्यांना पिसवा कडाडून चावतात, याचं गूढ एवढंच. उघड्यावर विदर्भातल्या उन्हाळ्यात पिसवांच्या अळ्या तग धरत नाहीत, त्यांना ओलावा लागतो. कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा मात्र त्यांना मानवतो.

आता अंगाच्या आत जाऊ. टॉक्सोकॅरा कॅनिस या गोलकृमीची एक मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी कुत्र्याच्या शीतून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटके कुत्रे मोजले गेले, देशात सुमारे १ कोटी ५३ लाख. यातल्या किती जणांच्या पोटात हे जंत आहेत ते बाजूला ठेवू आणि नुसता अंदाज बांधू. महाराष्ट्रातल्या शंभरातल्या एकाच कुत्र्याला जंत आहेत, त्याच्या पोटात एकच मादी आहे आणि ती निम्म्याच वेगाने, म्हणजे रोज एक लाख अंडी घालते. इतकी कंजुषी करूनही दिवसाचा आकडा येतो १२७ कोटींच्या वर. हे एका राज्याचं, एका दिवसाचं. मातीत खेळून तोंडात बोटं घालणाऱ्या मुलांच्या पोटात ही अंडी गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात भटकतात, क्वचित डोळ्यात पोचून दृष्टीही घालवतात.

पिल्लांना तर जन्माआधीच लागण होते. आईच्या स्नायूंत निपचित पडलेल्या अळ्या गर्भारपणाच्या ४२ व्या दिवसाच्या सुमाराला जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांत शिरतात. तीन आठवड्यांचं, अजून धड धावताही न येणारं पिल्लू अंडी टाकायला लागतं. मांजरीची पिल्लं हा वारसा दुधातून घेतात.

एवढे आकडे ऐकून हातपाय गाळायचे कारण नाही. संख्या त्यांच्या बाजूने असली तरी घड्याळ आपल्या बाजूने आहे. या प्रत्येक जिवाला वाढायला ठरावीक वेळ लागतो, आणि तेवढीच आपली फट.

गोलकृमीचं ताजं अंडं कुणालाच लागण करू शकत नाही, मातीत पिकायला त्याला दोन ते चार आठवडे लागतात. अंकुशकृमीचं अंडं एक-दोन दिवसांत फुटतं, पण अनवाणी पायाच्या कातडीतून शिरणारी अळी व्हायला आठवडाभर जातो. टॉक्सोप्लाझ्मा झालेलं मांजर आठवडा-दोन आठवड्यांत कोट्यवधी बीजं टाकू शकतं, मात्र तीही १ ते ५ दिवसांनीच घातक होतात. कुत्र्याची शी त्याच दिवशी उचलली आणि मांजराचा लिटर बॉक्स रोज साफ केला, तर हे सगळे लाख-कोट पिकायच्या आत कचऱ्यात जातात. घरात गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

डीवर्मिंगचं वेळापत्रकही याच हिशेबावर बेतलेलं आहे. कुत्र्याच्या पिल्लाला पहिला डोस दोन आठवड्यांचं असताना, म्हणजे अंडी पडायच्या आत. मांजराच्या पिल्लाला तीन आठवड्यांपासून. मग दर पंधरवड्याला पुन्हा, कारण औषध आतड्यातले जंत मारतं आणि शरीरात भटकणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात उतरतात. मोठ्या प्राण्यांना साधारण दर तीन महिन्यांनी. गिळलेल्या अंड्यापासून अंडी घालणारा जंत व्हायला मात्र चार-पाच आठवडेच लागतात. म्हणून घरात रांगतं मूल असेल तर महिन्याला देण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

औषधांच्या बाजूला गेलं की आकडे उलट्या दिशेने चक्रावतात. जपानमध्ये कावाना इथल्या गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक जिवाणू वेगळा केला. विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातून निघालेल्या द्रव्याचा परजीवींवरचा परिणाम दाखवला. त्यातून आलं आयव्हरमेक्टिन, आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल. डासांतून पसरणाऱ्या हार्टवर्मपासून कुत्र्याला वाचवायला ते महिन्यातून एकदा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम पुरतं. वीस किलोच्या कुत्र्याला १२० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाचे दोन कण. गंमत अशी की ही गोळी पुढच्या महिन्याची हमी देत नाही, गेल्या महिन्यात शिरलेल्या अळ्यांचा बंदोबस्त करते. म्हणून ती चुकवून चालत नाही.

आणि म्हणूनच अंदाजपंचे दाहोदरसे इथे महागात पडतं. गुरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनमध्ये दर मिलिलिटरला १०,००० मायक्रोग्रॅम असतात. आपल्या वीस किलोच्या कुत्र्याचे असे ८३ मासिक डोस त्या एका मिलिलिटरात मावतात. कोलीसारख्या जातींतल्या अनेक कुत्र्यांत एका जनुकाच्या दोषामुळे मोठा डोस थेट मेंदूत पोचतो. मांजरांची गोष्ट याहून नाजूक. कुत्र्यांच्या काही स्पॉट-ऑनमध्ये परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही आणि कुत्र्याचा एक थेंबडा मांजराला झटके आणून मारू शकतो. वेष्टनावर कुणाचं चित्र आहे आणि किती किलोचं लिहिलंय, हे वाचल्याशिवाय ट्यूब फोडू नये.

महिन्याला एक पिसवा-गोचिडींचं औषध आणि तीन महिन्यांनी एक जंतांचं, असे वर्षाचे सोळा दिवस होतात. पिसवा घरात शिरल्या असतील तर कोश फुटून संपेपर्यंत, म्हणजे किमान तीन महिने, घरातल्या प्रत्येक प्राण्याला खंड न पाडता औषध द्यावं लागतं. जोडीला गालिचा-सोफ्यावर व्हॅक्यूम आणि गाद्यांना गरम पाण्याची धुलाई. तीस दिवस टिकणारं औषध पंचेचाळिसाव्या दिवशी लावलं तर मधले पंधरा दिवस दार उघडं राहतं. त्यात चढलेली एक मादी दिवसभरात रक्त पिऊन दुसऱ्या दिवसापासून अंडी घालते, म्हणजे पुढच्या चौदा दिवसांत ७००. विसरण्याचा दर हा असा ठरलेला आहे: दर मादीमागे, दर दिवशी ५० अंडी.