दुर्बिणीतून सूर्य पाहताना : फिल्टरची निवड

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल हे खगोलज्ञ इंग्लंडमध्ये सूर्याचे निरीक्षण करीत असता दुर्बिणीला निरनिराळ्या रंगांच्या काचा लावून पाहत होते. तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. काही काचांतून प्रकाश थोडाच येई, परंतु उष्णता मात्र जाणवे. इतर काहींतून प्रकाश पुष्कळ येई, पण उष्णता फारशी भासत नसे. या कोड्याचा उलगडा करण्यासाठी त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले व तेथे तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही, तेथेही पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा.

फिल्टर निवडणाराने या शोधातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : काच काळी दिसते एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म किंवा उन्हाचा चष्मा यांनी सूर्य मंद दिसला, तरी अपायकारक किरण त्यांतून पार जाऊ शकतात. डोळ्याच्या दृष्टिपटलास वेदनेची जाणीव नसते. ते भाजत असतानाही पाहणारास काही कळत नाही, आणि झालेली इजा अनेकदा कायमची असते.

दुर्बिणीमुळे हा धोका किती वाढतो, ते पाहा. उन्हात डोळ्याच्या बाहुलीचा व्यास सुमारे २ मिलिमीटर असतो. ६० मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या ३० पट रुंद असते. म्हणजे ते ९०० पट प्रकाश गोळा करते. म्हणून फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या, सूर्याकडील तोंडावरच बसवावा. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर डोळ्याजवळील भिंगावर बसविण्याची काळी काच मिळते. ती मुळीच वापरू नये. तेथे सर्व उष्णता एकवटत असल्याने काच अकस्मात तडकते. ग्रहणाचे चष्मेही केवळ नुसत्या डोळ्यांसाठी असतात. ते लावून दुर्बिणीतून पाहणे तितकेच घातक आहे.

डोळ्याने पाहण्याच्या फिल्टरची प्रकाशीय घनता ५ असावी, म्हणजे त्यातून केवळ एक लक्षांश प्रकाश आत येतो. घनता ३.८ असलेला फिल्टर सुमारे ६,३०० वा भाग आत सोडतो. तो केवळ छायाचित्रणासाठी असतो. सूर्यनिरीक्षणासाठीच तयार केलेली, धातूचा लेप दिलेली काच किंवा पातळ पटल घ्यावे. त्यातून सौरडाग स्पष्ट दिसतात. सूर्याच्या कडेवर उसळणारे तप्त वायूचे लोळ पाहावयाचे असल्यास हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाचा, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, खास फिल्टर लागतो. तो बराच महाग असतो.

प्रत्येक वेळी वापरापूर्वी फिल्टर दिव्यासमोर धरून तपासावा. ओरखडा अथवा सूक्ष्म छिद्र दिसल्यास तो टाकून द्यावा. वाऱ्याने निघणार नाही असा तो घट्ट बसवावा आणि दुर्बिणीवरील लहान शोधक दुर्बिणीचे तोंडही झाकावे.

योग्य फिल्टर नसेल, तर शाळांनी भिंगांच्या लहान दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी. एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांना ती पाहता येते. मात्र कोणी कुतूहलाने दुर्बिणीस डोळा लावू नये, यासाठी शिक्षकांनी तिच्यापाशी सतत उभे राहिलेच पाहिजे.