गावची घरपट्टी वेगळी, पुण्याची वेगळी, दिल्लीची आणखी वेगळी. असं का?

समजा, एका कुटुंबाचं घर अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरला आहे, थोरल्या मुलाचा फ्लॅट पुण्यात आणि धाकट्याचा दिल्लीत. दिवाळीला सगळे जमले आणि घरपट्टीचा विषय निघाला, तर तिघांचे आकडे जुळणार नाहीत. मग 'आपल्याकडेच जास्त लुटतात' हे वाक्य हमखास येतं. पण हे आकडे एकमेकांसमोर ठेवता येतात का?

कर ठरवतं कोण?

जमीन आणि इमारतींवरचा कर हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. राज्य कायदा करतं, वसुली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका करते. त्यामुळे देशभर एकच दर नाही. जम्मू-काश्मीरच्या शहरांत तर मालमत्ता कर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाला.

हिशोब कसा होतो?

मुंबईत २०१० पासून घराच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे सरकारी दराने ठरलेल्या किमतीवर, कर लागतो. पुण्यात घराला किती भाडं येऊ शकतं, यावर हिशोब होतो. दिल्लीत वसाहतींचे 'ए' ते 'एच' असे आठ गट आहेत. गट, क्षेत्रफळ, बांधकाम आणि वापर बघून मालक स्वतःच कर काढून भरतो.

सवलतीही वेगळ्या. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांची ४० टक्के सवलत बंद झाली होती, ती २०२३ मध्ये परत मिळाली.

आणि गावात?

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीही भांडवली मूल्यच धरतात. जागेचा दर, बांधकामाचा दर, घराचं वय आणि वापर यांवरून मूल्य निघतं. समजा मूल्य ५ लाख आणि दर हजारी १ रुपया असेल, तर घरपट्टी ५०० रुपये. बिलात दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टीही असते. म्हणून एकूण रकमेला घरपट्टी समजू नका.

जास्त वाटली तर?

आधी ग्रामपंचायतीतून 'नमुना ८'चा उतारा घ्या. मातीचं घर आरसीसी लागलंय का? क्षेत्रफळ बरोबर आहे का? राहत्या घरावर दुकानाचा दर तर नाही ना? चूक असेल तर लेखी हरकत द्या. तरीही दाद मिळाली नाही, तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

पण रागाच्या भरात बिल थकवू नका. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर ग्रामपंचायत सदस्य होण्यासाठी तुम्ही अपात्र ठरू शकता. म्हणजे ज्या ठिकाणी कराचा दर ठरतो, तिथं बसण्याची संधीच जाते.

थोडक्यात, दिल्लीच्या बिलाशी तुलना करून हाती काही लागत नाही. आपल्या उताऱ्यावरची एक चुकीची नोंद दुरुस्त झाली, तर मात्र बिल खरंच कमी होतं.