काठीचं लग्न

जपानी लोकसमजुतीनुसार शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो. अशा वस्तूंना ‘त्सुकुमोगामी’ म्हणतात. जुनी छत्री एका पायावर उड्या मारू लागते, फाटका कंदील जीभ काढतो. मोडक्या सुयांनाही तिथे निरोप असतो. ‘हारी-कुयो’च्या दिवशी त्या मऊ टोफूत खोचून ठेवतात, जन्मभर जाड कापड टोचून त्या दमलेल्या असतात ना! ही समजूत चित्रकथांत आणि चित्रपटांतही उतरली. हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’मधला (२००१) हाकू म्हणजे इमारतींसाठी बुजवलेली एक नदी. स्वतःचं नाव विसरल्यामुळे तो दुसऱ्याच्या ताब्यात गेला आहे.

आपल्याकडे अशा ठिकाणी ‘प्रतीक’ म्हणून मोकळं होण्याची सवय आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपुढे मला तो शब्द तोकडा वाटतो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला. ते विरक्त, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली, अशी कथा आहे. तेच लग्न दर संक्रांतीला लागतं. बाराबंदी घातलेले मानकरी सात उंच नंदीध्वज पेलत शहरातून नेतात. सोलापूरकर त्यांना सरळ ‘काठ्या’ म्हणतात. आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला नाव ‘यण्णीमज्जन’, म्हणजे तेलाचं न्हाण. हा शब्द कानडी. सोलापूरला त्याचं भाषांतर करायची गरज कधी भासली नाही. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. तिथे हात उंचावणाऱ्या हजारो वऱ्हाड्यांपैकी कोणी प्रतीकावर अक्षता टाकत नाही. समोर नवरदेव असतो.

जपानी छत्रीत जीव येतो तो वयामुळे, वापरामुळे. आपली काठी जिवंत होते ती नात्यामुळे, सोयरीक जुळली म्हणून. माझ्या मते खरा फरक इथे आहे. ‘तुंबाड’सारख्या (२०१८) चित्रपटाने रचलेल्या दैवताची भीती वाटते, पण त्याच्या लग्नाला कोणी जाणार नाही.

मात्र एक गोष्ट मला खटकते. संक्रांतीला होम मैदानावर होम पेटतो. ती कन्या अग्नीत गेली, असं कथा सांगते. काठीला नवरदेवाचा मान मिळाला. यात्रेच्या वर्णनांत ती मुलगी मात्र बहुतेक वेळा नुसती ‘कुंभारकन्या’ असते.