सूर्यावरील तेजशृंगे आणि कोरोनातील उद्रेक

आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत दिवसभर खतावण्या पाहणारे. तरीही या विषयावर लिहावयास घेतले, कारण एक चुकीची समजूत पुष्कळदा आढळते. सूर्यावर ज्वाळा उसळते आणि तिच्या धक्क्याने कोरोनातील द्रव्य अवकाशात फेकले जाते, असे समजतात. हिशेब इतका सरळ नाही.

खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या कडेला ज्या गुलाबी जिभा दिसतात, ती तेजशृंगे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथे ती पाहिली आणि ग्रहण नसतानाही ती पाहता येतात, हे दुसऱ्याच दिवशी सिद्ध केले. मात्र तेजशृंग म्हणजे ज्वाळा नव्हे. भोवतालचा कोरोना दहा लाख अंशांहून तप्त, तर हे द्रव्य जेमतेम दहा हजार अंशांचे आणि निदान शंभरपट दाट. मग ते खाली का कोसळत नाही? चुंबकीय बलरेषांच्या झोळीत ते टांगलेले असते. कधी काही आठवडे, कधी महिनेही. झोळीवरून आणखी बलरेषांच्या कमानी आवळलेल्या असतात. सूर्यपृष्ठावरील हालचालींमुळे या रेषांना पीळ बसत जातो. पीळ अनावर होऊन वरची पकड सुटली, की झोळी, तिच्यातील द्रव्य आणि वरचा कोरोना असे सारेच एकदम उठते.

१९७९ साली जिच्या पडण्याची आपण सर्वांनी धास्ती घेतली होती, त्या स्कायलॅबने १९७३-७४ मध्ये असे अनेक उद्रेक टिपले होते. पुढे सोहो यानाच्या चित्रांत त्यांची घडण स्पष्ट दिसली : पुढे रेटलेल्या कोरोनाचे तेजस्वी कवच, त्यामागे काळसर पोकळी आणि पोकळीत उजळ गाभा. तो गाभा म्हणजे बहुधा आपले तेजशृंगच. आमच्या भाषेत, एकाच व्यवहाराच्या या दोन नोंदी आहेत. एकीमुळे दुसरी झाली असे नव्हे.

अर्थात दोन्ही नोंदी दर वेळी सापडतातच असे नाही. वरच्या कमानी सुटल्या नाहीत तर तेजशृंग उसळून पुन्हा खाली बसते. २७ मे २००२ रोजी ट्रेस उपग्रहाने हे घडताना पाहिले. उलट झोळीत द्रव्य नसले, तर तेजशृंग न दिसताही उद्रेक होतो.

मोठ्या उद्रेकात शंभर कोटी टनांहून अधिक द्रव्य बाहेर पडते आणि रोख आपल्याकडे असल्यास ते एक ते चार दिवसांत पृथ्वीशी पोहोचते. १३ मार्च १९८९ रोजी अशाच चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील वीज गेली; सुमारे साठ लाख लोक नऊ तास विजेविना होते. आमच्या शाखेत अर्धा तास वीज गेली तरी रांग रस्त्यापर्यंत जाते, त्यावरून कल्पना करावी! ३१ ऑगस्ट २०१२ रोजी असेच एक लांबलचक तेजशृंग सुटले. वेग सेकंदाला १४०० किलोमीटरहून अधिक. उद्रेक पृथ्वीला नुसता चाटून गेला आणि ३ सप्टेंबरच्या रात्री उत्तरेकडे ध्रुवीय प्रकाश दिसला.

तेजशृंग सूर्यबिंबासमोर आले म्हणजे काळ्या तंतूसारखे दिसते. तो तंतू अचानक नाहीसा झाला, की वेधशाळा सावध होतात. कोडाईकनालला अशा तंतूंची छायाचित्रे शंभराहून अधिक वर्षांची जपलेली आहेत, आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले आपले आदित्य एल-१ यान आता कोरोनाकडे डोळे लावून आहे.