एक लाखाचा आकडा

लघवीला जळजळ, घडीघडी जावंसं वाटणं, होते ती थेंब थेंब. ‘उन्हाळी लागली’ म्हणतात ती हीच. या दुखण्याच्या गेल्या सत्तर वर्षांकडे पाहताना नजर आधी औषधांवर जाते: 1953 चं नायट्रोफ्युरँटॉइन, मग नॅलिडिक्सिक ॲसिड, पुढे नॉरफ्लॉक्सॅसिन. पण औषधांपेक्षा जास्त उलथापालथ केली ती एका आकड्याने. 1956 मध्ये बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी मिलिलिटरमागे एक लाख जिवाणू ही सीमा मांडली. मूत्रपिंडाला संसर्ग झालेल्या आणि कसलाच त्रास नसलेल्या स्त्रिया त्यांच्यासमोर होत्या. लघवीतले जिवाणू आतले की नमुना घेताना बाहेरून मिसळलेले, हे त्यांना ओळखायचं होतं. त्या कामाला आकडा चोख होता. पुढे तो सरसकट सगळ्यांना लावला गेला, आणि घोळ तिथे झाला.

कल्चर, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून मोजण्याची तपासणी, कसं करतात ते पाहा. एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल एवढ्या तारेच्या कडीने लघवी प्लेटवर पसरवतात. दुसऱ्या दिवशी शंभर ठिपके उगवले, तर हिशेब एक लाखाचा. सिॲटलच्या वॉल्टर स्टॅम यांनी 1982 मध्ये दाखवलं, की जळजळ होणाऱ्या स्त्रियांमध्ये मिलिलिटरमागे शंभर जिवाणूही खरा संसर्ग सांगतात. लाखाची अट धरली तर जवळपास निम्म्या जणी सुटतात. शंभर जिवाणू असतील तर त्या कडीत बहुधा एकही येत नाही. रिपोर्ट येतो, ‘वाढ आढळली नाही’, आणि बाईला सांगितलं जातं, तुम्हाला काही झालेलं नाही.

सीमा खाली आणली तर अँटिबायोटिकचा मारा वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. 2009 मध्ये एनडीएम-1 या, बहुतेक अँटिबायोटिक निकामी करणाऱ्या एन्झाइमची पहिली नोंद झाली, तीही नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या लघवीतल्या क्लेबसिएला जिवाणूत. पण खालची सीमा त्रास असलेल्यांपुरतीच आहे, आणि त्यांनाही साध्या संसर्गात तीन ते पाच दिवसांची गोळी बहुधा पुरते. औषध वाया जातं ते उलट्या बाजूला. महिनाभर कॅथेटर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू सापडतात. आजोबांना ताप नाही, दुखत नाही, तरी लाखाचा रिपोर्ट पाहून इंजेक्शनं सुरू होतात. गर्भवती आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधीचे रुग्ण सोडले, तर त्रास नसताना बहुतेकांच्या लघवीतले जिवाणू शोधूही नयेत, असं अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये पुन्हा बजावलं आहे.